शिवोलीची पिवळी स्कूटर

प्रश्न : ब्रिस्बेनला राहणाऱ्या मावसभावाने ‘द गो-बिट्वीन्स’ या तिकडच्या गिटार बँडची गाणी पाठवली. हा ‘इंडी’ बँड, म्हणजे मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेला, असं तो सांगतो. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीतला, नाहीतर गणपतीतली बेंजो पार्टी. कंपनी पाठीशी नसेल तर गाणी लोकांपर्यंत जातात कशी? आपल्या बाजूला असं कुणी केलं आहे का? आम्ही तिघे मित्र मराठीत गाणी रचतो, म्हणून विचारतो.
— एक विद्यार्थी, काकती (जि. बेळगाव)

उत्तर : केलं आहे, आणि तुमच्यापासून फार लांबही नाही. चोर्ला घाट उतरून म्हापशाच्या पुढे गेलात की शिवोली लागते. तिथल्या रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ ही स्वतःच्या इंग्रजी गाण्यांची कॅसेट स्वतःच काढली. मुंबईच्या जे.जे.त वास्तुकला शिकलेला माणूस, पण कंपन्यांना त्याची गाणी नको होती. मग त्याने घरातच चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ यंत्र मांडलं. गाणारा तोच, गिटार आणि बासरी वाजवणारा तोच, ध्वनिमुद्रण करणारा तोच, वेष्टन सजवणाराही तोच.

ते यंत्र नीट समजून घ्या, तुमच्या कामाचं आहे. साधी कॅसेट दोन बाजूंनी वाजते. हे यंत्र मात्र तीच जेमतेम पावणेचार मिलिमीटरची फीत एकाच दिशेने, चार पट्ट्यांत वापरतं. पहिल्या पट्टीवर ताल भरायचा, तो कानात ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर बेस. मग हे तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा नवे आवाज भरायचे. एकदा जुने आवाज पुसून वर दुसरे भरले की मागे फिरता येत नाही. ताल जास्त झाला असेल तर तो तसाच राहतो आणि प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. अशा यंत्रावर बसणाऱ्याला गाणं आधी डोक्यात पुरतं बांधावंच लागतं.

कॅसेटी तयार झाल्यावर रेमोने त्या आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादल्या आणि गावोगावच्या दुकानांत स्वतः नेऊन दिल्या. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या स्कूटरमध्ये आहे. पुढे १९८७ च्या ‘जलवा’ चित्रपटातलं गाणं, १९९५ चं ‘हम्मा हम्मा’ हे गाणं, २००७ ची पद्मश्री हे सगळं आलं. पण मला विचाराल तर त्या स्कूटरच्या फेऱ्याच मोठ्या.

अर्थात रेमो एकटा होता. बँडमध्ये माणसंही टिकवावी लागतात, आणि तिथे गो-बिट्वीन्सकडून शिकण्यासारखं आहे. रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन हे विद्यापीठातले दोस्त. त्यांनी १९७७ मध्ये बँड काढला तेव्हा ग्रँटला वाद्यच येत नव्हतं. रॉबर्टने त्याला बेस गिटार शिकवली. पुढच्याच वर्षी एका छोट्या स्थानिक लेबलवर पहिली तबकडी निघाली. १९८८ पर्यंत सहा अल्बम झाले, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण मोठं हिट गाणं एकही नाही. १९८९ मध्ये बँड मोडला. २००० मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले आणि आणखी तीन अल्बम केले. २००६ मध्ये ग्रँट अवघ्या ४८ व्या वर्षी गेला. २०१० मध्ये खुल्या झालेल्या नदीवरच्या नव्या पुलाला ब्रिस्बेनने या बँडचं नाव दिलं.

तुम्हा तिघांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचना लिहून किंवा मुद्रित करून ठेवली की तिचा हक्क रचणाऱ्याचा होतो. नोंदणीची सक्ती नाही, आणि हा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. म्हणून प्रत्येक गाण्याखाली तारीख आणि शब्द कुणाचे, चाल कुणाची हे आजच लिहा. मैत्री आहे तोवर हे सोपं असतं.

गाणं फोनवरून जगापुढे ठेवायला आता पैसे पडत नाहीत. ऐकणारा मात्र अजूनही एकेक करूनच जोडावा लागतो. म्हणून काकती-बेळगावच्या गणेश मंडळांना कळकळीची विनंती : यंदा एका संध्याकाळी डॉल्बी बंद ठेवा आणि या पोरांना त्यांच्या स्वतःच्या गाण्यांसाठी अर्धा तास द्या.