कात्रणे पुरे, आता चालायला लागा!

आरोग्यविषयक लेखांची कात्रणे जपून ठेवणारे वाचक बरेच असतात. मीठ कमी करावे, रोज चालावे, हे त्यांना तोंडपाठ असते. पण वाचनाने रक्तदाब उतरत नाही. तो बहुधा काही त्रास न देता वाढत राहतो आणि एखाद्या दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो.

म्हणून आज एकच सल्ला निवडा. ‘उद्यापासून चालेन’ हा मोघम निश्चय टिकत नाही. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येईन’ असे नेमके ठरवा. वेळ व ठिकाण ठरले की निश्चय पार पडण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

आठवड्यातून पाच दिवस, ३० मिनिटे भरभर चालावे. चाललात त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करा. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

हा लेख कापून ठेवण्याआधी उद्याची वेळ ठरवा.