दोघांची सायकल

मंडळी, आज आपण परभाषा कशी शिकावी हे पाहू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हाला आत्ता कुठं मराठी लिहायला येऊ लागलं. परभाषा कशाला?" जरा दम धरा. गोष्ट पुरी वाचा. तिच्यात तुमचेही काम आहे.

आपल्या साक्षरता वर्गात एक बाई येतात. शेतमजुरी करून त्यांनी लेकीला शिकवले. लेक परिचारिका झाली. गावात तिला सगळे 'सिस्टर' म्हणतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनी देशातील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी एक करार केला. त्या राज्यात कामाला शिकलेली माणसे कमी पडतात. दवाखान्यांत परिचारिका कमी पडतात. आपल्याकडील तरुणांना तयार करून तिकडे पाठवावे, असा तो करार आहे. या लेकीच्याही मनाने घेतले. पण तिकडच्या रोग्यांशी जर्मन भाषेतच बोलावे लागते. त्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते.

लेकीने शहरात वर्ग लावला. शेकडो शब्द पाठ केले. कागदावर सगळे बरोबर येई. पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नसे. मी विचारले, "का गं?" ती म्हणाली, "गुरुजी, चुकलं तर लोक हसतील."

हे भय तुम्हाला ठाऊक आहे. वर्गाच्या पहिल्या दिवशी आपणही पाटी पदराआड लपवली होती. खरे ना?

तिच्या शिक्षकांनी तोड सुचवली. ते म्हणाले, "ज्याला मराठी शिकायची आहे असा जर्मन माणूस जोडीला घे. तू त्याला शिकव. तो तुला शिकवील."

या रीतीला 'टँडेम' म्हणतात. टँडेम म्हणजे दोघांनी चालवायची सायकल. तिला दोन बैठका असतात आणि पायडलच्याही दोन जोड्या असतात. दोघांनी पाय मारले की ती पळते. एकानेच मारले तर तो दमतो.

ही रीत युरोपात वाढली. जर्मनी आणि फ्रान्स हे शेजारी देश. त्यांच्यात मोठमोठी युद्धे झाली. लाखो माणसे मेली. पुढे १९६३ साली दोघांनी मैत्रीचा करार केला. त्याच वर्षी दोन्हीकडच्या तरुणांच्या भेटी घडवण्यासाठी एक कचेरी उघडली. तरुण एकमेकांच्या गावी जाऊ लागले, एकमेकांची भाषा शिकू लागले. काल ज्यांचे बाप एकमेकांवर बंदुका रोखत होते, ते आज एकमेकांच्या चुका दुरुस्त करू लागले. १९९० नंतर संगणकावरून पत्रे धाडून अशा जोड्या चालू लागल्या. आता तर मोबाइलवर तोंड पाहून बोलता येते.

आपल्या लेकीला जोडी मिळाली ती श्टुटगार्ट शहराजवळच्या एका आजींची. त्यांची सून पुण्याची आहे. सुनेच्या आईशी दोन शब्द मराठीत बोलावेत, एवढीच आजींची इच्छा.

आपली घड्याळे जर्मनीच्या पुढे असतात. उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे पाच वाजतात. तीच वेळ ठरली. आठवड्यातून दोन दिवस, एक तास. अर्धा तास फक्त जर्मन, अर्धा तास फक्त मराठी. हा नियम मोडायचा नाही. नाहीतर ज्याला जास्त येते त्याचीच भाषा चालते आणि दुसरा उपाशी राहतो.

पहिल्या दिवशी लेक घाबरली होती. पण आजींनी मराठीत सांगितले, "मी रोज केली खाते." त्यांना म्हणायचे होते, 'केळी'. जर्मन भाषेत 'ळ' नाही. लेक हसली. आजीही हसल्या. मग लेकीचीही जीभ सुटली. समोरचाही चुकतो हे दिसले की आपली लाज निम्मी होते.

थोड्या दिवसांत लेकीला एक नवल कळले. जर्मन भाषेची कित्येक वळणे आपल्यासारखीच आहेत. आपण 'तो, ती, ते' म्हणतो. ते 'देर, दी, दास' म्हणतात. आपल्यात 'ते पोर', त्यांच्यात मुलगीसुद्धा 'ते'! आपण 'एकवीस' म्हणतो, आधी एक, मग वीस. जर्मनही 'एक आणि वीस' असेच म्हणतात. जवळच्याला 'तू' आणि परक्याला मानाने वेगळा शब्द, हेही त्यांच्यात आहे. मराठी येणाऱ्याची ही शिदोरी आहे, बरे का.

आता मुख्य गोष्ट ऐका. एका रात्री आजी रोगी झाल्या आणि लेक परिचारिका झाली. असा खेळ मांडला. आजी म्हणाल्या, "माझा फूस दुखतो."

पुस्तकात लिहिले आहे, फूस म्हणजे पाऊल. लेकीने विचारले, "टाचेत की बोटांत?"

आजी म्हणाल्या, "नाही, मांडीत."

लेक गोंधळली. मांडी काय पावलात असते? मग आजींनी उलगडा केला. त्या भागातील लोकांची बोली वेगळी आहे. तिला श्वेबिश म्हणतात. त्या बोलीत 'फूस' म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंत सगळा पाय.

आई जवळच भाकरी थापत होती. लेकीने तिला अर्थ सांगितला. तशी आई म्हणाली, "मग त्यात काय नवल? आपलंबी तसंच की. 'पाय दुखतो' म्हटलं, तर मांडी, पोटरी, टाच, कुठंबी दुखत असतंय. हात लावून दाखवा म्हणावं!"

पाहिलेत? लेकीने परीक्षेसाठी शेकडो शब्द पाठ केले होते. पण उद्या एखादा म्हातारा रोगी विव्हळत 'फूस, फूस' म्हणाला असता, तर तिने पाऊलच तपासले असते. दुखणे मांडीत राहिले असते. दुखण्यात माणूस पुस्तकातली भाषा बोलत नाही, घरातली बोलतो. ती भाषा घरच्या माणसाकडूनच कळते.

त्या रात्रीपासून आई रोज बसू लागली. आजींना 'ळ' येईना. आईने पाटी घेतली. तिच्यावर मोठा 'ळ' काढला आणि मोबाइलपुढे धरला. जीभ कशी वळवायची तेही दाखवले. तीन महिन्यांपूर्वी ज्या बाई अंगठा उठवत होत्या, त्या आज परदेशी बाईंच्या मास्तरीण झाल्या. आजी त्यांना 'बाई' म्हणतात.

आपल्या बोलीला कमी लेखू नका. त्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातील हायडेलबर्ग विद्यापीठात गुंथर सोन्थायमर नावाचे एक पंडित होते. ते मराठी शिकले. धनगरांत मिसळले, जत्रांना गेले, त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवर त्यांनी जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली छापला गेला. १९९२ साली ते वारले. एवढे मोठे पंडित धनगरांपाशी शिकायला बसले!

पण सावधही असावे. अनोळखी माणसाशी जोडी जमवताना शाळेची किंवा शिक्षकांची मदत घ्यावी. घरचा पत्ता, बँकेचा आकडा, मोबाइलवर येणारा गुप्त आकडा कोणाला सांगू नये. जो नोकरीचे आमिष दाखवून पैसे मागतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

लेकीची परीक्षा अजून व्हायची आहे. पास होईल की नाही, मी सांगू शकत नाही. पण आता ती चुकते, विचारते आणि पुन्हा बोलते. रोग्याने दुखणे सांगितले की "कुठे? हात लावून दाखवा," असे ती जर्मनमध्ये न अडखळता म्हणते.

प्रश्न
१. टँडेम म्हणजे काय?
२. अर्धा-अर्धा तास वाटून का घ्यावा?
३. 'फूस' शब्दावरून लेक काय शिकली?

करून पाहा
दुखण्याचे मराठीत किती प्रकार आहेत? ठणका, कळ, चमक, जळजळ. आणखी पाच शब्द घरात विचारा आणि पाटीवर लिहून आणा.