तिथी बघा, मग चारकोप गाठा

पक्षी बघायला निघायचं म्हटलं की लोक आधी गजर लावतात. चारकोपला जायचं असेल तर त्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. खाडीकाठच्या पक्ष्यांची न्याहारी ओहोटीवर अवलंबून असते, आणि तिची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते.

हिशेब जुना आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा भरतीचा. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या सुमारास, ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण रविवार निवडायला एवढं पुरतं. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थी ते षष्ठी पकडा आणि सातपर्यंत पोचा. पाणी उतरत असतं आणि चिखल हळूहळू उघडा पडत असतो. मी पहिल्यांदा गेलो ती अष्टमी होती. खाडी काठोकाठ, वर दोन घारी. दीड तास डास मारून परत आलो.

हे अभयारण्य नाही. तिकीटघर नाही, मनोरा नाही. म्हाडाच्या सेक्टरांची वस्ती संपते तिथे तिवरांचं रान सुरू होतं, आणि सेक्टर ८ च्या बाजूला त्याला लागून पाणथळ आहे. कांदिवली स्टेशनच्या पश्चिमेहून बस किंवा रिक्षा घ्या. मेट्रोने आलात तर डहाणूकरवाडीला उतरून रिक्षा करा.

जागेची एक सोय क्वचितच कुणी सांगतं. इमारती पूर्वेला, खाडी पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे रंग लख्ख दिसतात. संध्याकाळी तोच पक्षी नुसती काळी आकृती होतो. ८×४२ ची दुर्बीण पुरे.

फाल्गुन-चैत्राची खरी मजा वेशांतरात आहे. हिवाळाभर मातकट दिसणारी ढोकरी आता पाठीवर गडद तांबूस-तपकिरी झूल पांघरते. ती तीच, हे पहिल्यांदा पटत नाही. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी चढतो. छोट्या बगळ्याच्या डोक्यावर दोन लांब पिसं येतात. त्याचे पाय जरूर बघा: काळ्या तंगड्या, खाली पिवळे पंजे. एक बगळा उथळ पाण्यात एक पंजा थरथरवत होता. चिखल ढवळला, काहीतरी चमकलं, चोच खाली गेली. दहा मिनिटं त्याचाच खेळ पाहिला, वहीत मात्र एकच ओळ लिहिली.

शेकाट्या लांब गुलाबी पायांवरून ओळखू येतो. तुतारी सतत बूड हलवते. दोघांची गल्लत होणार नाही. धोबी आणि तुतारी हे पाहुणे एप्रिल सरता सरता उत्तरेकडे निघून जातात, म्हणून मार्च वाया घालवू नका. तिवरांतून कर्कश ‘कवाक-कवाक’ आलं तर ती लाजरी पाणकोंबडी. थांबलात तर बाहेर येते. मराठी नावं पक्की करायची असतील तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ घरी असू द्या.

तिवरांत मात्र शिरू नका. जमिनीतून वर आलेली ती बोटभर टोकं म्हणजे झाडाची श्वासमुळं, पायाखाली मोडतात. आणि चिखल गुडघ्यापर्यंत गिळतो. काठावरूनच निवट्या दिसतात, चिखलावर उड्या मारणारे मासे. खंड्यासुद्धा त्यांच्यावरच डोळा ठेवून बसलेला असतो.

पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा शर्ट, डासांचं मलम, पाण्याची बाटली. एकट्याने जाऊ नका. वाट सामसूम असते आणि भटकी कुत्री टोळीने फिरतात. दहानंतर ऊन चटके देतं, तेव्हा उठा. निघताना बूट गवतावर घासा, नाहीतर रिक्षावाला बसू देत नाही.