संगणकावरील पीक : उपयोग व धोके

पेरणी एकदां झाली म्हणजे ती परत घेतां येत नाहीं. म्हणून बेताचा परिणाम आधीं अजमावण्याची इच्छा प्रत्येक शेतकऱ्यास होते. संगणकावरील पीक-प्रतिकृतीचा उपयोग याच कामीं होतो.

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत बर्चिप येथील शेतकऱ्यांच्या संस्थेनें 2002 सालीं 'यील्ड प्रॉफेट' ही योजना हातीं घेतली. तींत शेतकरी पेरणीपूर्वीं खोलवरची माती काढून ओल व नत्र तपासून घेतो. वाण, पेरणीची तारीख व पडलेला पाऊस कळविला म्हणजे 'ॲप्सिम' ही प्रतिकृति पिकाची वाढ दिवसागणिक मांडते. पुढील पाऊस अज्ञात असल्यामुळें मागील अनेक वर्षांच्या हवामानाच्या नोंदी एकेक लावून पाहतात. त्यावरून अमुक उत्पन्न दहांपैकीं किती सालीं येईल हें समजतें, आणि गव्हास नत्राचें वरखत द्यावें किंवा तो खर्च वांचवावा, हें ठरवितां येतें.

परंतु माहिती चुकली तर चोख गणितही फसवितें. उथळ जमीन खोल धरली, तर नसलेल्या ओलीवर कागदावरील पीक तगतें. शेतांतील मात्र करपतें. तण, कीड व रोग यांचा हिशेब या योजनेंत नसतो. शिवाय नुसत्या सरासरीवर भुलूं नये. कर्ज वाईट सालींच अंगावर येतें.

म्हणून आमचें सांगणें कीं, जमिनीची खोली व ओल प्रथम मोजावी, प्रतिकृतीचें उत्तर आपल्या मागील हंगामांच्या खऱ्या उत्पन्नाशीं ताडून पाहावें, आणि नवा बेत प्रथम थोड्या क्षेत्रावरच करून पाहावा.