वाघनख

मुलांनो, आजीच्या पेटीत सोन्याच्या कोंदणात बसविलेले वाघनख तुम्ही पाहिले आहे काय? पूर्वी नांदेड-लातूरकडील कित्येक घरांतून लहान मुलाच्या गळ्यात ते बांधीत. मूल निर्भय व्हावे, त्यास दृष्ट लागू नये, ही मातेची इच्छा. दूर आफ्रिकेतील झुलू सरदारही बिबट्याच्या नखांची माळ मानाने मिरवीत.

वाघाच्या पुढील प्रत्येक पायास ५ व मागील प्रत्येक पायास ४, अशी एकूण १८ नखे असतात. आपले नख ज्या केराटिनचे बनते, त्याचेच तेही असते. मग त्यात रक्षणाचे सामर्थ्य कोठून येणार? बाळाच्या एका अलंकारापायी वाघास मात्र प्राण गमवावे लागत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघनखांचा व्यापार गुन्हा ठरविला. आता सराफ सोन्याचांदीचेच नख घडवून देतात. त्यात हौसही पुरते आणि जीवही वाचतो.

किनवटच्या रानात, पैनगंगेच्या काठी, वाघाने निर्भयपणे हिंडावे असे तुम्हांस वाटते ना? मातेला जसे आपले बाळ, तसाच वाघिणीला तिचा बछडा प्रिय असतो. एकीच्या मायेसाठी दुसरीची कूस रिकामी होऊ नये.