सुकाणूची निगा

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. रांजणगाव सांडसजवळ तिला मुळा-मुठा मिळते. शिरूर शहराला तर घोडनदी हे दुसरे नावच नदीवरून पडले आहे. दौंडच्या पूर्व टोकाला खानोटा, राजेगाव या गावांपर्यंत उजनी जलाशयाचे फुगवट्याचे पाणी पोचते. याच जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून ६ जणांना जलसमाधी मिळाली. तशा वाऱ्यापुढे सुकाणूचा इलाज चालत नाही. तेथे अंगात घातलेले जीवरक्षक जाकीटच उपयोगी पडते. मात्र आभाळ भरून येताच होडी काठाकडे वळविण्यास जी थोडी मिनिटे हाती असतात, ती नादुरुस्त सुकाणूपायी वाया जाऊ नयेत, एवढी दक्षता घेता येते.

सुकाणूचे पाते वाहत्या पाण्याला अडवून होडीचा मागचा भाग बाजूला सारते. म्हणून होडीला गती असेल तरच ते चालते. थांबलेल्या होडीत ते कितीही फिरविले तरी व्यर्थ. पाते फार तिरके केले, तर होडी वळण्याऐवजी तिचा वेगच मारला जातो. कयाक या अरुंद, हलक्या नावेत पाते मागच्या टोकाला बिजागरीवर बसविलेले असते आणि दोन तारांनी पायाजवळच्या पट्ट्यांना जोडलेले असते. ते वळण्यासाठीच आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक आडव्या वाऱ्यात नाव सरळ ठेवणे हे त्याचे मुख्य काम होय.

नाव सारखी एकाच बाजूला ओढत असेल, तर प्रथम सामान व बसणाऱ्याचे वजन मध्यभागी आहे किंवा नाही ते पाहावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. त्यानंतर दोन्ही पट्ट्या समान रेषेत धरून पाते सरळ राहते का, हे तपासावे. न राहिल्यास एक तार सैल झालेली असते. तारेवरून कापडाची चिंधी फिरवावी. चिंधी अडकली की तेथे तारेचा धागा तुटला आहे असे समजावे. अशी तार गाठ मारून चालवू नये, बदलावी. तार बहुधा पट्टीजवळच्या वळणात वा टोकाच्या जोडात तुटते.

पाते जड फिरू लागल्यास दोष प्रायः गाळाचा असतो. खिळीत बारीक रेती शिरते, आणि तेल दिले की ती अधिकच चिकटते. खीळ काढून स्वच्छ पाण्याने धुणे व कोरडी पुसणे हाच उपाय. भीमेच्या पाण्यात जलपर्णीचा उपद्रव मोठा आहे. तिची मुळे पात्याला गुंडाळली गेल्यास जोराने पट्टी दाबू नये. पाते वर उचलून मुळे सोडवावीत.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, हे सर्वश्रुत आहे. त्याचबरोबर बुडालेल्या शिवारांतील बांध, विहिरींचे कठडे आणि झाडांचे खुंटही पृष्ठभागाजवळ येतात. उथळ पाण्यात व काठाला लागताना पाते उचलून घेण्याची दोरी म्हणूनच रोज ओढून पाहावी. मोठ्या होडीच्या सुकाणूची बिजागरी बोल्टांनी बसविलेली असते. बोल्टाभोवती फायबरला चीर किंवा लाकडाला मऊपणा आढळल्यास तो बोल्ट नुसता आवळून भागत नाही, तो भाग दुरुस्त करून घ्यावा लागतो. मागे लावलेल्या इंजिनावर चालणाऱ्या होडीत इंजिन हेच सुकाणू असते. ते बंद पडले की दिशाही हातची जाते, म्हणून अशा होडीत वल्ही असलीच पाहिजेत.

भर पाण्यात सुकाणू तिरके अडकले, तर ते नसण्यापेक्षाही वाईट. ते उचलून बांधावे, नाव वाऱ्याच्या समोर धरावी आणि वल्ह्यानेच जवळचा काठ गाठावा. एका बाजूला अधिक वल्हवून नाव सरळ ठेवण्याचा सराव शांत पाण्यात आधीच केलेला असावा.

नाव काढून ठेवताना पाते उचललेले असावे. प्लॅस्टिकची दोरी उन्हाने ठिसूळ होते. सावली नसेल तर मागच्या टोकावर गोणपाट टाकावे.