टाळी ऐकू आली म्हणून

उतारवयातला बहिरेपणा आवाजाच्या वरच्या पट्टीपासून सुरू होतो. अंतःकर्णातल्या केशपेशींपैकी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. बोलण्यातले स्वर कानावर पडतात. स, श, फ, त, ट ही व्यंजने गळतात. 'साठ' आणि 'आठ' एकच वाटू लागतात. म्हणून असा माणूस 'ऐकू येत नाही' असे म्हणतच नाही, 'तुम्ही सगळे पुटपुटता' असे म्हणतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी नेमकी इथेच फसगत झाली. वडिलांची उमर भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, पॉलिशच्या खात्यात गेली. सत्तरीनंतर टीव्हीचा आवाज वाढला, फोन आला की ते तो दुसऱ्याच्या हातात देऊ लागले. घरच्यांनी पाठीमागून टाळी वाजवून पाहिली. त्यांनी मान वळवली. परीक्षा संपली, आणि पुढची चार वर्षे 'मुद्दाम करतात' हेच निदान कायम राहिले. टाळीत खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या असतात आणि ती जोरात वाजते. अर्धा गेलेला कानही ती ऐकतो. समोर बसून विचारण्यालाही अर्थ नाही, कारण ओठ वाचले जातात.

घरी करायची खरी चाचणी कुजबुजीची. पंखा, टीव्ही बंद करून एक हात अंतरावर पाठीमागे उभे राहावे. एका कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबून चोळत राहावा, श्वास पूर्ण सोडून तिथूनच दुसऱ्या कानासाठी 'चार, क, दोन' असे अंक-अक्षर कुजबुजावे. चुकले तर नवी तीन द्यावीत. सहापैकी निम्मीही सांगता आली नाहीत, तर कान तपासायला न्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार 50 ते 64 या वयात दर पाच वर्षांनी आणि 65 नंतर दर एक ते तीन वर्षांनी चाचणी व्हावी. तक्रार नसलेल्यांची सरसकट चाचणी फायद्याची ठरते याला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षी म्हटले. मात्र ज्या घरात टीव्हीवरून रोज वाद होतात, तिथे 'तक्रार नाही' म्हणणे धाडसाचे.

घरची किंवा शिबिरातली चाचणी म्हणजे चाळणी, निदान नव्हे. वडिलांची दुसरी तपासणी सोसायटीच्या हॉलमधल्या मोफत शिबिरात झाली. खिडकीबाहेर हॉर्न चालूच. त्याच दिवशी कानाचे मशीन विकले गेले आणि आठवड्यात ते सुपारीच्या डब्यात गेले. योग्य क्रम वेगळा आहे. आधी कान-नाक-घसातज्ज्ञाने मळ आणि पडदा पाहावा, मग ध्वनिरोधक खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची आलेखासह मोजणी, व्हावी. कारखान्यातल्या गोंगाटाने गेलेल्या कानाचा आलेख बहुधा 4000 हर्ट्झपाशी खड्डा दाखवतो. वडिलांचा तसाच निघाला. भाईंदरहून थेट लोकलने वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था गाठता येते. 1983 पासून ती याच कामासाठी आहे. 65 वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच 3000 रुपये मिळतात. त्यात चांगले डिजिटल मशीन येत नाही, पण हातभार लागतो.

मशीन कानाच्या आलेखानुसार बसवून घ्यावे आणि काही आठवडे दिवसाचे थोडे थोडे तास लावावे. सुरुवातीला पातेल्याचा खणखणाटही अंगावर येतो. नवे मशीन लावल्यावर वडिलांनी पहिल्याच संध्याकाळी विचारले, "मोरीतला नळ गळतोय का?" तो केव्हापासून गळत होता.

दोन प्रसंगी चाळणी, शिबिर, वाट पाहणे, काहीच नको. एकाच कानाचे ऐकणे कमी झाले असेल, तर त्यामागचे कारण डॉक्टरांनी शोधायला हवे. आणि एक-दोन दिवसांत अचानक कान गेला, तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, जितका लवकर तितका जास्त होतो.